पाण्याची नोंदवही : रकाने आणि संदर्भतक्ते

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याच्या काठी वसलेल्या पळसदेव व आसपासच्या गावांत विद्युत मोटारींनी पाणी उचलून ऊस पिकविला जातो. मोटार किती वेळ चालली याची नोंद काही शेतकरी नियमाने ठेवतात. परंतु ती बहुधा अशी असते : "खालच्या उसाला रात्री पाणी दिले, लाईट गेली, उरलेले सकाळी भिजविले." ही नोंद खरी असली, तरी कोणत्या शेतास किती पाणी मिळाले, हे हंगामाअखेर तीवरून सांगता येत नाही.

हे न कळण्याची किंमत मोठी आहे. भारी काळ्या जमिनीस निचऱ्याच्या सोयीवाचून गरजेपेक्षा जास्त पाणी मिळत राहिले, म्हणजे भूजलाची पातळी वर येते, क्षार पृष्ठभागावर साचतात आणि जमीन क्षारपड होते. बारामती व इंदापूर भागांतील नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्याने हा अनुभव पूर्वीच घेतला आहे.

रकाने कसे आखावेत

नोंदवहीत प्रत्येक गोष्टीस स्वतंत्र रकाना असावा : तारीख, शेत क्रमांक, मोटार क्रमांक, सुरू केल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ. वीज मध्येच गेल्यास तेथे नोंद संपवावी व वीज आल्यावर नवी ओळ लिहावी. शेतास एकदा क्रमांक दिला, की तोच नेहमी लिहावा. आज "खालचे शेत", उद्या "विहिरीजवळचे" असे लिहिल्यास एकाच शेताची दोन शेते होतात व शोध चुकतो.

संदर्भतक्ते कशासाठी

शेताचे क्षेत्र, जमिनीचा प्रकार, मोटारीचा विसर्ग ही माहिती रोज बदलत नाही. ती दररोज लिहिण्यात श्रम जातात व चुका वाढतात. तिच्यासाठी वहीच्या शेवटी निराळे तक्ते करावेत व रोजच्या नोंदीत केवळ क्रमांक लिहावा. ही रीत गावास नवी नाही. सात-बारा उताऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो. त्याची हकीकत पाहावयाची तर गाव नमुना ६ उघडावा लागतो. खाते क्रमांक घेऊन आठ-अ पाहिला, म्हणजे त्या खात्यावरील सर्व जमीन कळते.

पाण्याच्या नोंदवहीस दोन तक्ते पुरेत. पहिला शेतांचा : शेत क्रमांक, गट क्रमांक, प्रत्यक्ष भिजणारे क्षेत्र, जमिनीचा प्रकार, पीक व लागवडीची तारीख. दुसरा मोटारींचा : मोटार क्रमांक, मोजलेला विसर्ग व मोजणीची तारीख. विसर्ग मोजण्यास २०० लिटरचे पिंप पुरे. ते २० सेकंदांत भरल्यास विसर्ग सेकंदास १० लिटर, म्हणजेच तासास ३६,००० लिटर होय.

एक उदाहरण

समजा, वहीत दोन नोंदी आहेत. शेत १ व शेत २ यांना मोटार १ ने प्रत्येकी ८ तास पाणी दिले. वहीत त्या सारख्याच दिसतात. मोटारीचा तक्ता पाहता प्रत्येक शेतास २,८८,००० लिटर पाणी गेले. आता शेतांचा तक्ता पाहावा. शेत १ एक एकर आहे. तेथे पाण्याची खोली सुमारे ७ सेंटिमीटर भरते. शेत २ वीस गुंठे आहे. तेथे ती सुमारे १४ सेंटिमीटर भरते. एका शेतास दुप्पट पाणी मिळाले, ही गोष्ट वहीत कोठेच लिहिलेली नव्हती. तक्त्यांशी जोड घालताच ती उघड झाली.

तक्त्यासही तारीख हवी

उन्हाळ्यात फुगवटा मागे हटतो आणि जुन्या पळसदेवचे मंदिर पाण्याबाहेर दिसू लागते. मोटारी पुढे सरकवाव्या लागतात, पाईप वाढतो व विसर्ग घटतो. पिंप भरण्यास २५ सेकंद लागू लागले, तर विसर्ग सेकंदास ८ लिटर झाला. अशा वेळी जुना आकडा खोडू नये; खाली नव्या तारखेची ओळ लिहावी. नोंद ज्या दिवसाची, त्या दिवशी लागू असलेली ओळ हिशेबास घ्यावी. पीक बदलल्यासही असेच करावे.

शोध कसा घ्यावा

प्रत्येक नोंदीपुढे पाण्याची खोली मांडली, की वहीस प्रश्न विचारता येतात. प्रथम १० सेंटिमीटरपेक्षा अधिक खोलीच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात. त्यांतून भारी जमिनीच्या निवडाव्यात. मग एकच शेत पुनःपुन्हा येते काय, ते पाहावे. तसे आढळल्यास तेथील निचरा तपासावा, मातीचा नमुना परीक्षणास पाठवावा व पाळीचे तास कमी करावेत. मोबाईलवरील वा संगणकावरील तक्त्यात ही जोड व निवड आपोआप होते. मात्र क्रमांक दोन्हीकडे तंतोतंत सारखा हवा.

एखादा क्रमांक तक्त्यात न सापडल्यास अंदाजाने आकडा भरू नये. त्या ओळीस खूण करून शेतकऱ्यास विचारावे व मगच ती पूर्ण करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आरंभी दोन-तीन शेतकऱ्यांच्या वह्या अशा रीतीने आखून द्याव्यात आणि पिंपाने विसर्ग मोजताना स्वतः उपस्थित राहावे. तक्ते करण्यास एक सकाळ पुरते. बिघडलेली जमीन पूर्ववत करण्यास मात्र वर्षे लागतात.