बांधावरील रानमाश्या आणि पिकांची फळधारणा

काकडी, कारली, भोपळा यांच्या बागांतून पुष्कळदा असे दृष्टीस पडते की, वेल जोमदार वाढलेले असतात, फुलेही भरपूर लागलेली असतात. परंतु कोवळी फळे बोटाएवढी होऊन पिवळी पडतात व गळून जातात. जी टिकतात त्यांपैकी काही एका टोकास बारीक व वाकडी निघतात. अशा वेळी शेतकरी खताची मात्रा वाढवितो किंवा एखादे औषध फवारतो. पाण्याचा ताण, अन्नद्रव्यांची उणीव किंवा रोग ही कारणे असू शकतात, हे खरे. तथापि सकाळच्या वेळी बागेत माश्या येतात की नाहीत, हे फार थोडे जण पाहतात. ज्या माश्यांवर ही फळधारणा अवलंबून असते त्यांपैकी बऱ्याच माश्या पेटीत किंवा पोळ्यात राहत नसून आपल्याच बांधावर, मातीत व वाळक्या लाकडात राहतात. त्यांची ओळख करून देणे व त्यांचे रक्षण कसे करावे हे सांगणे, हा या लेखाचा हेतू आहे.

माशीवाचून पराग जात नाही

वेलवर्गीय पिकांत नरफुले व मादीफुले वेगवेगळी असतात. त्यांचे पराग जड व चिकट असल्यामुळे ते वाऱ्याबरोबर उडून जात नाहीत. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते व दुपार होण्यापूर्वी मिटते. तेवढ्या अवधीत माशी आली नाही, तर ते फूल वाया जाते. माशी आली, पण पराग अपुरे पडले, तर फळाच्या एका भागातच बी धरते व फळ वाकडे होते.

कांद्याच्या बीजोत्पादनात निराळी अडचण असते. गोंड्यातील प्रत्येक बारीक फुलात पुंकेसर आधी पिकतात व स्त्रीकेसर मागाहून पक्व होतो. म्हणून एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेणारा कीटक लागतोच. वांग्याचे फूल त्याहून वेगळे आहे. त्याचे पराग पुंकेसराच्या टोकावरील बारीक छिद्रातून बाहेर पडतात. चाळण हलविल्यावाचून पीठ खाली पडत नाही, तसेच हे फूल हलविल्यावाचून पराग मोकळे होत नाहीत. वाऱ्याने फूल हलून काही फळे धरतात, परंतु भुंगा फुलास बिलगून आपले अंग थरथरवितो, तेव्हा पराग भरपूर सांडतात. पोळ्यातील मधमाशीस अशी थरथर साधत नाही. त्यामुळे मधमाश्यांच्या पेट्या कांद्यास व वेलांस उपयोगी असल्या, तरी वांग्याच्या बाबतीत रानमाशीची उणीव त्यांनी भरून निघत नाही.

रानमाश्या कोणत्या व त्या कोठे राहतात?

माशी म्हटली की आपल्यापुढे आग्या मोहोळ, सातेरी किंवा फुलोरी यांची पोळी उभी राहतात. परंतु जगात माश्यांच्या सुमारे २०,००० जाती असून त्यांपैकी बहुतेक एकेकट्या राहणाऱ्या आहेत. त्यांत राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचा साठाही नाही. प्रत्येक मादी स्वतःच घर करते, पराग व मकरंद यांचा लहानसा गोळा करून त्यावर एक अंडे घालते, ती कोठडी बंद करते आणि पुढील कोठडीच्या कामास लागते. आपल्या शिवारात पुढील प्रकार सहज ओळखता येतात.

काळा भुंगा : यास सुतारमाशी असेही म्हणतात. हा वाळक्या लाकडास किंवा बांबूस गोल भोक पाडतो. मात्र लाकूड खात नाही. भुश्याचे पडदे घालून तो आत कोठड्या करतो. शेवगा, ताग, तूर व वांगी यांच्या फुलांवर तो नेहमी दिसतो.

पानकापी माशी : गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाच्या कडेला सुबक गोल तुकडा कापलेला दिसला, की तो अळीचा उपद्रव समजून औषध मारले जाते. वास्तविक ही माशी तो तुकडा खात नाही. पोकळ काडीतील किंवा भिंतीच्या छिद्रातील आपल्या कोठडीस ती त्याचे अस्तर लावते. पिकाचे त्याने उल्लेखनीय नुकसान होत नाही. ती पोटाखालच्या केसांत कोरडे पराग वाहून नेते व ते फुलावर सहज झडतात.

निळ्या पट्ट्यांची माशी : हिच्या पोटावर निळसर चमकदार पट्टे असतात. ही मातीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करते. वांगी व टोमॅटोच्या फुलांस थरथरविण्यात ती तरबेज आहे. माद्या रात्री बिळात असतात. नर मात्र सायंकाळी बांधावरील गवताची काडी जबड्याने धरून ओळीने झोपलेले आढळतात.

जमिनीत राहणाऱ्या लहान माश्या : उघड्या, पाणी न साचणाऱ्या जमिनीवर बारीक मातीचा ढीग व मध्ये छिद्र दिसल्यास ते मुंगीचेच बीळ असेल असे नाही. जगातील माश्यांच्या सुमारे ७० टक्के जाती जमिनीतच घर करतात.

या माश्या आपण होऊन माणसाच्या अंगावर येत नाहीत. मादीस हाताने दाबले तरच ती डंख मारते.

नुकसान लवकर भरून का येत नाही?

मधमाश्यांची राणी दिवसाकाठी शेकडो अंडी घालते. एकेकटी राहणारी मादी मात्र सबंध आयुष्यात साधारण वीस-तीसच अंडी घालते. शिवाय लहान माश्या घरापासून काहीशे मीटरच्या आतच फिरतात. म्हणून बांध पेटविला, काठावरची वाळकी काडी वेचून जाळली किंवा बिळांची जागा खोल नांगरली, तर त्या शेतातील माश्यांची पुढील पिढीच नष्ट होते. दूरच्या शिवारातून ती उणीव लवकर भरून निघत नाही. बांध स्वच्छ दिसतो, परंतु पुढील हंगामात भोपळ्याचे फूल माशीची वाट पाहत मिटून जाते.

किडींचे शत्रूही त्याच बांधावर

बांधावरील फुलांचा लाभ केवळ परागीकरणापुरता नाही. मावा खाणाऱ्या सिरफिड माशीस प्रौढावस्थेत पराग व मकरंद लागतो. किडींच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांनाही मकरंद लागतो. चित्रांगी भुंगेऱ्याची अळी काळसर, लांबट, पिवळ्या ठिपक्यांची असते. ती आपल्या आईबापांसारखी मुळीच दिसत नाही, म्हणून अनेक ठिकाणी कीड समजून चिरडली जाते.

या मित्रकीटकांचे सामर्थ्य महाराष्ट्राने उसात अनुभवले आहे. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर पांढऱ्या लोकरी माव्याचा मोठा उद्रेक झाला. उंच वाढलेल्या, दाट उसात फवारा पोहोचविणे कठीण होते. पुढे डिफा नावाच्या पतंगाची अळी व मायक्रोमस हा कीटक यांनी लोकरी मावा खाऊन त्याचा जोर ओसरविण्यास मोठा हातभार लावला. डिफा ही दिसावयास साधी अळीच आहे. अळी दिसताच फवारणी करण्याची घाई केली असती, तर तोच मित्र आधी मेला असता.

फवारणी करताना घ्यावयाची काळजी

औषधाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण हा माणसास व जनावरास असलेला धोका दर्शवितो. माशीस असलेला नव्हे. हिरवा त्रिकोण पाहून औषध माश्यांनाही निर्धोक आहे, असे समजणे चुकीचे होय. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात मधमाश्यांसंबंधी सूचना आहे काय, हे अवश्य वाचावे.

पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो फवारणी टाळावी. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असेल व फवारणी अटळ असेल, तर ती माश्या परतल्यावर सायंकाळी करावी. दोडका व दुधी यांची फुले मात्र सायंकाळीच उमलतात आणि त्यांवर पतंग व इतर कीटक येतात, हे ध्यानात ठेवून त्या पिकांत वेळ ठरवावी. फवाऱ्याचा झोत बांधावर जाऊ देऊ नये, कारण काडीस धरून झोपलेल्या नरमाश्या तेथेच असतात.

शेतकरी बंधूंनी काय करावे?

१. बांध पेटवू नये. गवत कापावयाचे असल्यास एका वेळी एकाच बाजूचे कापावे.

२. बांधाचा किंवा शेताच्या कडेचा थोडा भाग न नांगरता, उन्हाची व पाणी न साचणारी जागा म्हणून राखून ठेवावा.

३. बांबूच्या एक वीत लांबीच्या, एका टोकास पेर असलेल्या पोकळ नळ्या जुडी बांधून पावसापासून सुरक्षित अशा ठिकाणी आडव्या टांगाव्यात.

४. वर्षभर काही ना काही फुलत राहील अशी योजना करावी. पावसाळ्यात बोर, उन्हाळ्यात करंज, तसेच शेवगा, तुळस व एकदांडी ही माश्यांस उपयोगी आहेत. हिरवळीचा ताग गाडताना कडेची एक ओळ फुलण्यास ठेवावी. भाजीच्या वाफ्याभोवती थोडी कोथिंबीर व बडीशेप फुलू द्यावी.

५. औषध फवारण्यापूर्वी पीक पाहून कीड किती व मित्रकीटक किती, याची मोजणी करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या गोष्टी सभेत सांगून थांबू नये. भोपळा फुललेला असताना सकाळी सात-आठच्या सुमारास चार शेतकऱ्यांना बागेत न्यावे आणि एकाच फुलाजवळ पाव तास स्वस्थ उभे राहून किती माश्या येतात ते मोजावे. नंतर बांधावर जाऊन भुंग्याचे भोक व मातीतील बिळे दाखवावीत. आपल्या फळाचा धागा त्या बिळापर्यंत जातो, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की, बांधास काडी लावणारा हात आपोआप थबकतो. या उपायांस खर्च जवळजवळ नाही. लागते ती एवढीच सवय की, बांध ही पडीक जागा न समजता पिकाचाच एक भाग समजावा.