पीनट बटर खाऊन वजन उतरतं का?

परीक्षा संपली की होस्टेलवर दोन लाटा येतात. एक सिनेमाची आणि दुसरी वजन कमी करण्याची! यंदा दुसऱ्या लाटेबरोबर पीनट बटरचे डबेही आले. आमच्या रूममेटने तर कमालच केली. सकाळी मैदानाला पाच फेऱ्या, मेसमध्ये नेहमीच्याच तीन भाकऱ्या आणि रात्री अभ्यास करता करता डब्यात चमचा. महिन्याभराने मेसच्या धान्य तोलायच्या काट्यावर उभा राहिला, तर वजन दीड किलोने जास्त! बिचारा म्हणतो, "अरे, हे तर जिमवाले खातात ना?"

त्याचा प्रश्न बरोबर आहे. म्हणून जरा हिशोब करून बघू.

पीनट बटर म्हणजे काय? भाजलेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत वाटले की झालं. आपल्या खानदेशात दाणे काही नवे नाहीत. भाजीत कूट, ठेच्यात दाणे, भाकरीबरोबर दाण्याची चटणी. 100 ग्रॅम दाण्यांत साधारण 567 कॅलरी असतात, 26 ग्रॅम प्रथिने आणि 49 ग्रॅम स्निग्ध पदार्थ. एक ग्रॅम प्रथिनातून 4 कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून 9. म्हणजे दाणा प्रथिनांसाठी चांगला खरा, पण त्याच्या निम्म्याहून जास्त कॅलरी तेलातूनच येतात.

एक सपाट मोठा चमचा (16 ग्रॅम) पीनट बटर म्हणजे सुमारे 95 कॅलरी. पण होस्टेलचा चमचा सपाट कुठला? तो सातपुड्यासारखा भरलेला! असा चमचा सहज 30 ग्रॅमचा होतो. असे तीन खाल्ले की 500 कॅलरी पार.

आता हा 500 चा आकडा लक्षात ठेवा. आपल्या जिल्ह्यातल्या अक्राणी, अक्कलकुव्याकडच्या कुपोषणाच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. जगभर अतितीव्र कुपोषित मुलांसाठी जो तयार आहार वापरतात, त्यातला एक प्रसिद्ध प्रकार म्हणजे 'प्लम्पीनट'. 1990 च्या दशकात फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी तो तयार केला. शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल आणि वरून जीवनसत्त्वे, खनिजे. 92 ग्रॅमचं एक पाकीट, त्यात 500 कॅलरी. कशासाठी? मुलाचं वजन वाढावं म्हणून! म्हणजे आमचा रूममेट वजन उतरवायला रोज रात्री जवळजवळ एका पाकिटाएवढ्या कॅलरी खात होता. तीही पोटभर जेवणानंतर.

मग दाणे सोडायचे का? मुळीच नाही. दाण्यात प्रथिने आहेत, तंतू आहेत, रक्तातली साखर ते एकदम चढू देत नाहीत आणि पोट बराच वेळ भरलेलं राहतं. अट एकच. दाणे जेवणात भर म्हणून नको, बदली म्हणून हवेत. 30 ग्रॅम म्हणजे मूठभर दाण्यांत सुमारे 170 कॅलरी. 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतही जवळपास तेवढ्याच. संध्याकाळच्या समोशाऐवजी मूठभर दाणे खाल्ले तर फायदा. समोसाही आणि वर दाणेही, तर काटा पुढेच जाणार!

अजून एक गंमत. अमेरिकेत 1980 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं की अख्खे दाणे खाल्ले तर त्यातली जास्त चरबी न पचता बाहेर पडते, पीनट बटरमधली त्यामानाने कमी. दाणा वाटला की पचनाचं निम्मं काम मिक्सरनेच केलेलं असतं. शिवाय दाणे चावायला वेळ लागतो, पेस्ट मात्र गपकन उतरते.

तेव्हा साधे नियम असे:

1. दिवसाला एक ते दोन सपाट चमचे. डब्यातून थेट खाऊ नका, वाटीत काढून घ्या.

2. डब्यावरची घटकांची यादी वाचा. साखर, हायड्रोजनेटेड तेल किंवा पामतेल दिसलं तर डबा परत ठेवा. घरी भाजून मिक्सरमध्ये वाटलेलं उत्तम.

3. बुरशी आलेले, काळपट, कडू दाणे फेकून द्या. त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. भाजल्याने ते पूर्ण जात नाही.

4. डाळ सोडू नका. ज्वारी आणि दाणे दोन्हींत लायसिन कमी असतं, ते डाळ भरून काढते.

5. दाण्याची अॅलर्जी असेल तर यातलं काहीच करू नका.

थोडक्यात काय, दाणा जाडही करत नाही आणि बारीकही करत नाही. तोच दाणा एकाचं वजन वाढवतो आणि दुसऱ्याचं उतरवायला मदत करतो. तो किती खाल्ला आणि कशाच्या जागी खाल्ला, सगळी मेख तिथेच आहे.

आमच्या रूममेटने आता डबा माझ्या कपाटात ठेवायला दिलाय. त्याचं वजन उतरेल असं वाटतं. काळजी आहे ती माझ्याच वजनाची!