अपडेटआधी फोटो सुरक्षित ठेवा

अमरावती-अकोल्याकडे बुडालेल्या सोयाबीनचे फोटो, सातबारा, पीकविम्याची पावती, सारं फोनातच असतं. ई-पीक पाहणीत चढवलेला फोटो सरकारी सर्व्हरवर जातो. गॅलरीतला मात्र फक्त तुमच्याजवळ.

अपडेट एरवी सिस्टिमच बदलतं, तुमच्या फायलींना हात लावत नाही. पण ते अडकलं आणि फोन रिसेट करावा लागला, तर आजच्या अँड्रॉइडमध्ये कूटबद्ध माहितीची किल्लीच नष्ट होते. मग कुठलाही दुरुस्तीवाला फोटो परत आणू शकत नाही, हे नीट लक्षात घ्या.

म्हणून अपडेटआधी फोटोंची प्रत गुगल खात्यात ठेवा; तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते. १ जून २०२१पासून चढवलेले फोटो त्यातच मोजले जातात. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप त्याच्याच सेटिंगमधून वेगळा घ्यावा लागतो. त्याला एन्क्रिप्शनचा पासवर्ड लावला असेल, तर तो वहीत लिहून ठेवा. विसरल्यास कंपनीलाही बॅकअप उघडता येत नाही.