पोटासाठी रग्बी



'खेळून का कुठं पोट भरतं?' असे आपल्याकडे घरोघर म्हणतात. इंग्लंडात रग्बी नावाच्या खेळात तर नियमच होता की, खेळून पोट भरायचेच नाही! हा नियम शंभर वर्षे टिकला. तो मोडल्यावर खेळाडूच्या पदरात काय पडले, ते आज पाहू.

प्रथम खेळ समजून घ्या. चेंडू लांबट, साधारण पपईच्या घाटाचा. दोन्हीकडे पंधरा-पंधरा गडी, वेळ 80 मिनिटे. चेंडू बगलेत मारून धावायचे आणि प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. ह्याला 'ट्राय' म्हणतात. त्याचे गुण 5. मेख अशी की, चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. म्हणजे पुढे जायचे ते आपल्या छातीच्या जोरावर! समोरचा गडी कमरेला मिठी घालून पाडतो. कबड्डीतली पकड ज्याने सोसली आहे त्याला ह्याची कल्पना येईल. मात्र इथे दोघेही भरधाव असतात.

उत्तर इंग्लंडातले गिरणीकामगार आणि खाणकामगार हा खेळ आवडीने खेळत. पण सामन्याला जायचे म्हणजे त्या वेळची मजुरी बुडाली. त्यांचे क्लब म्हणाले, 'बुडालेली मजुरी तेवढी भरून देऊ द्या.' वरच्या कारभाऱ्यांनी साफ नकार दिला. तेव्हा 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड गावच्या एका हॉटेलात बैठक होऊन उत्तरेकडचे क्लब फुटून निघाले. त्यांचा खेळ पुढे 'रग्बी लीग' झाला. मूळची 'रग्बी युनियन' सोवळीच राहिली. लीगचे पैसे घेणाऱ्याला तिचे दार कायमचे बंद होई. माझे स्पष्ट मत असे की, हे सोवळे ज्यांच्या घरी दाणागोटा भरपूर होता त्यांनाच परवडणारे होते.

ऑगस्ट 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने ही बंदी उठवली. शंभर वर्षे भरली, बरं का! आता खेळाडू पगारी झाला. ठरावीक मुदतीचा करार, रोजचा सराव, आहारावर नजर, आणि मुदत संपली की पुन्हा नवा करार. शेतकऱ्याचे भांडवल जमीन, तसे ह्याचे भांडवल शरीर. फरक इतकाच, की जमीन पडीक ठेवून विसावा देता येतो.

योना लोमूचेच उदाहरण घ्या. आईबाप टोंगा बेटांवरचे. जन्म 1975 सालचा, न्यूझीलंडमधील ऑकलंडचा. उंची साडेसहा फुटांच्या आत-बाहेर, वजन सव्वाशे किलोच्या जवळपास, आणि तरीही पळण्यात हरीण. 1994 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो देशाच्या संघात आला. जून 1995 च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात त्याने इंग्लंडविरुद्ध एकट्याने चार ट्राय केले; एका गड्याला तर तो सरळ तुडवून गेला. दोनच महिन्यांनी खेळ पगारी झाला. नव्या धंद्याला आपला पहिला मोठा तारा आयताच मिळाला.

पण त्याच वर्षाच्या अखेरीस मूत्रपिंडाचा गंभीर आजार उघडकीस आला. ह्या आजारात रक्तातली प्रथिने लघवीवाटे निघून जातात, अंग सुजते, शक्ती राहत नाही. औषधे घेत घेत तो खेळत राहिला. 1999 च्या विश्वचषकात त्याने आठ ट्राय केले! 2002 पर्यंत देशासाठी 63 कसोटी सामने आणि 37 ट्राय. म्हणजे ज्याला सारे जग राक्षसी ताकदीचा म्हणून ओळखत होते, तो बहुतेक सारे दिवस आजारी माणूस होता. निरोगी लोमू कसा खेळला असता, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

2003 मध्ये डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त गाळून घेणे, सुरू झाले. 2004 मध्ये वेलिंग्टनच्या एका रेडिओ-निवेदकाने त्याला आपले एक मूत्रपिंड दिले. (आकाशवाणीच्या श्रोत्यांनी हे ध्यानात ठेवावे!) एवढ्या शस्त्रक्रियेनंतर कोणी मैदानाचे नाव काढले नसते. हा गडी 2005 मध्ये वेल्समधील कार्डिफच्या संघात उतरला. जुना वेग मात्र परतला नाही, देशाच्या संघाचे बोलावणेही आले नाही. ते मूत्रपिंडही 2011 मध्ये निकामी झाले, आणि पुन्हा यंत्र मागे लागले.

2015 च्या विश्वचषकाच्या वेळी तो इंग्लंडात होता, सोबत डायलिसिस चालूच. घरी परतताच 18 नोव्हेंबरला तो वारला. वय अवघे 40. मागे दोन लहान मुले होती. त्यांच्यासाठी न्यूझीलंडच्या खेळाडूंच्या संघटनेने निधी उभारला. एकशेवीस वर्षांपूर्वी कामगारांनी मागितली होती ती एका दिवसाची मजुरी.