काट्याशेजारचा संगणक

गोंदियातल्या कुठल्याही राइस मिलच्या फाटकातून आत शिरलं की आधी वजनकाटा लागतो आणि त्याला चिकटून एक छोटी खोली. धानाचा ट्रक काट्यावर चढतो, आकडा संगणकात उतरतो, पावती निघते. त्याच संगणकात टॅली असते, भरडाईचे लॉट असतात, बारदान्याचा हिशेब, हमालीची देणी, जीएसटीची बिलं असतात. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की या डब्याला उसंत नसते. कोंड्याची बारीक धूळ त्याच्या पंख्यात जाऊन बसते आणि आतली उष्णता आतच कोंडते. मिलचा रबर शेलर बिघडला तर नवा आणता येतो. या डब्यातल्या नोंदी मात्र कुठल्याच दुकानात विकत मिळत नाहीत.

सरकारी धानाच्या भरडाईत तर हिशेब किलोकिलोचा असतो. मार्केटिंग फेडरेशन किंवा आदिवासी विकास महामंडळाकडून धान उचलायचं आणि कच्चा तांदूळ असेल तर क्विंटलमागे ६७ किलो परत जमा करायचा. कोणत्या केंद्रावरून किती धान आलं, त्याचा तांदूळ कोणत्या लॉटमधून गेला, बारदाना किती परतला, ही साखळी मधेच तुटली तर आपली बाजू मांडायची कशाच्या जोरावर?

बॅकअप आहे का, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ‘आहे ना’ असंच येतं. डी ड्राइव्हवर घेतलाय, शिवाय खणात पेनड्राइव्हही आहे. या उत्तरातली उणीव समजायला संभाव्यतेचं साधं गणित पुरतं. समजा, एखादी डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता शंभरात दोन आहे. दोन डिस्कवर दोन प्रती ठेवल्या तर दोन्ही एकाच वर्षी जाण्याची शक्यता गुणाकाराने दहा हजारांत चारवर येते. सुरक्षितता एकदम पन्नासपट वाढली! पण हा गुणाकार दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. सी आणि डी हे बहुतेक संगणकांत एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. खणातला पेनड्राइव्ह आणि टेबलावरचा संगणक यांना चोर, आग आणि पाणी एकाच वेळी गाठतात. २०२० च्या ऑगस्टअखेरीस संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं आणि वैनगंगेचा पूर गोंदिया-भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत घरांत, दुकानांत, गोदामांत शिरला. पाणी खोलीत शिरल्यावर टेबल आणि खण यांत फरक करत नाही. म्हणून प्रती किती आहेत हे मोजण्याआधी त्या एकमेकींपासून किती लांब आहेत, हे पाहायला हवं.

पेनड्राइव्हबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडचा उन्हाळा इथे आडवा येतो. हार्ड डिस्कमध्ये माहिती चुंबकीय कणांच्या दिशेत साठवलेली असते. पेनड्राइव्ह आणि एसएसडीमध्ये ती अतिसूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात असते. कप्प्याभोवती विद्युतरोधक थर असला तरी इलेक्ट्रॉन हळूहळू गळत राहतात आणि तापमान वाढलं की गळतीचा वेगही वाढतो. लेखन-पुसणीची ठरलेली मर्यादा गाठलेल्या साध्या एसएसडीने विजेविना ३० अंश सेल्सिअसला निदान एक वर्ष माहिती टिकवावी, अशी उद्योगाच्या मानकाची अपेक्षा आहे. नवी एसएसडी याहून बरीच जास्त काळ टिकते, हे खरं. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या गावात, पत्र्याच्या छताखालच्या खणात, वर्षानुवर्षं वापरलेला स्वस्त पेनड्राइव्ह टाकून ठेवायचा आणि त्यालाच एकमेव आधार मानायचा, हे मला धोक्याचं वाटतं. कामाची ने-आण करायला तो उत्तम. दीर्घ साठवणीचं काम त्याला देऊ नये.

पूर आणि उष्णतेपेक्षा कितीतरी वेगाने धावणारा धोका तारेतून येतो. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधून सुटला. तो पसरला एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, हे आपल्या व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावं. काही तासांत जहाज वाहतुकीतली बलाढ्य कंपनी मर्स्क कोलमडली आणि तिचा फटका थेट महाराष्ट्राला बसला. न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कंपनीला सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

पण आपल्यासाठी खरा धडा त्यांच्या डोमेन कंट्रोलरांच्या गोष्टीत आहे. कोण कर्मचारी, कोणाला काय उघडता येतं, याची नोंदवही म्हणजे हे सर्व्हर. ते जगभर मिळून दीडशेच्या आसपास होते आणि सतत एकमेकांशी जुळवून घेत असत. एक गेला तर बाकीचे आहेतच, असा हिशोब होता. सगळे एकाच जाळ्यात गुंफलेले असल्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो जाळ्याबाहेर होता. त्याच एका प्रतीवरून पुढची उभारणी झाली. दीडशे प्रतींना जमलं नाही ते एका तुटलेल्या प्रतीला जमलं.

खंडणीसाठी डेटा कुलूपबंद करणारे रॅन्समवेअर प्रोग्रामही असंच जोडलेलं सगळं गाठतात. संगणकाला कायम जोडून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क त्यांना दिसते, मग तिच्यावरच्या फायलीही ते बंद करतात. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर नुसतं सिंक चालू असेल तर बिघडलेली फाइलच इमानेइतबारे वर जाते. जुन्या आवृत्त्या किती दिवस राखल्या जातात, हे तिथे आधीच तपासून ठेवावं लागतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर असाच हल्ला झाला आणि रुग्णांची नोंदणी कित्येक दिवस हाताने करावी लागली. शेवटी हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे माहिती परत आणता आली.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी आपल्या फोटोंच्या जपणुकीसाठी मांडलेला ३-२-१ हा नियम आता सगळीकडे वापरला जातो. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. गोंदियातल्या मिलसाठी ही मांडणी अवघड नाही. चालू डेटा काट्याशेजारच्या संगणकात. रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत, आणि ती झाली की वायर काढायची. तिसरी प्रत कुलूपबंद करून क्लाउडवर, किंवा दर आठवड्याला अदलाबदल होणाऱ्या दुसऱ्या डिस्कवर, जी मालकाच्या घरी किंवा नागपूरच्या नातेवाइकांकडे राहील. कालच्याच फाइलवर आजची चढवू नये. चूक कधीकधी पंधरा दिवसांनी लक्षात येते, तोवर निर्दोष प्रत शिल्लक राहिलेली असावी.

दोन बॅकअपच्या मधल्या नोंदींचं काय? इथे आपल्या जुन्या मुनिमांची पद्धत आठवते. दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने आधी कीर्दीत उतरायचे, मग खातेनिहाय खतावणीत जायचे. खतावणी भिजली तरी कीर्दीवरून ती पुन्हा लिहून काढता येई. मोठ्या बँकांचे डेटाबेस आजही असेच चालतात. प्रत्येक बदल आधी एका क्रमवार लॉगमध्ये लिहिला जातो. सर्व्हर पडला तर शेवटची पूर्ण प्रत घ्यायची आणि तिच्यावर लॉग पुन्हा चालवायचा. मिलमध्ये काट्याची छापील पावती आणि गेटपासचं पुस्तक हेच काम करतात. बॅकअप काल संध्याकाळचा असेल तर आजचे ट्रक त्यांवरून पुन्हा चढवता येतात. म्हणून ‘सगळं संगणकात आहे’ म्हणत कार्बन कॉपीची पुस्तकं बंद करू नयेत, असं मी आग्रहाने म्हणेन.

कायद्यालाही हे हवंच आहे. जीएसटीच्या नियम ५७ नुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप असा ठेवायचा की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी वेळेत त्या परत उभ्या करता याव्यात. कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात.

‘परत उभ्या करता याव्यात’ हे त्यातलं कळीचं कलम. जानेवारी २०१७ च्या अखेरीस गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती ठेवलेल्या होत्या, पण ऐनवेळी त्यांतली एकही नीट चालत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली. बॅकअपमधून डेटा खरंच परत येतो का, हे नियमितपणे तपासलं जात नव्हतं.

टॅलीत बॅकअपशेजारीच रिस्टोअर असतो. धानाची आवक सुरू होण्याआधी, काटा रिकामा असताना, दुसऱ्या संगणकावर तो एकदा चालवून पाहावा. चालू डेटाला हात लावू नये. मग ट्रायल बॅलन्स, गोदामातला शिल्लक साठा आणि बारदान्याची शिल्लक मूळ आकड्यांशी ताडून पाहावी. या सगळ्याला किती वेळ लागला, तोही लिहून ठेवावा. ऐन हंगामात फाटकावर ट्रक उभे असताना तेवढा वेळ काटा पुस्तकावर चालवावा लागेल. आणि हे काम मुनिमाऐवजी घरातल्या दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं. क्लाउडचा पासवर्ड एकट्या मुनिमालाच ठाऊक आहे का, तेही तेव्हाच समजेल.