सोर्स कोडचे भांडार आणि वेब कन्सोलद्वारे त्याचे व्यवस्थापन : महाविद्यालयीन शिक्षकांसाठी एक विवेचन

प्रस्तावना

ग्वाल्हेर येथे १९९७ साली केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन या विषयांची संस्था स्थापन केली. आज ती अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाने ओळखली जाते. संगणकशास्त्राचे शिक्षण मात्र अशा मोठ्या संस्थांपुरते मर्यादित राहिलेले नाही. लहान महाविद्यालयांतही पदवी व पदविका अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना गटाने प्रकल्प करावा लागतो. हा प्रकल्प पेनड्राइव्हमधून एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो. ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘नवीन फायनल’ अशा प्रती साचतात आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी खरी प्रत कोणती, हेच गटाला सांगता येत नाही. कोणत्या विद्यार्थ्याने कोणते काम केले, हेही शिक्षकाला कळत नाही. या अडचणीवर सोर्स कोडचे भांडार, म्हणजेच रिपॉझिटरी, हा उपाय आहे. हे भांडार वेब कन्सोलवरून कसे सांभाळावे आणि त्यात कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भांडाराची संकल्पना

शिंदे संस्थानच्या काळात ग्वाल्हेरच्या दरबारी मोडी लिपीत मराठी कागदपत्रे लिहिली जात. जुन्या हिशेबाच्या पद्धतीत रोजकीर्दीला फार महत्त्व होते. रोजकीर्दीतील नोंद खोडायची नसते. चूक झाली तर ती दुरुस्त करणारी नवी नोंद करायची असते. सोर्स कोडचे भांडार याच तत्त्वावर चालते. आज्ञावलीत बदल केल्यावर विद्यार्थी त्याची नोंद करतो. तिला ‘कमिट’ म्हणतात. प्रत्येक कमिटमध्ये बदल करणाऱ्याचे नाव, तारीख, वेळ आणि बदलाचे कारण असते. त्यामुळे कोणत्याही जुन्या टप्प्यावर परत जाता येते.

आज या कामासाठी सर्वाधिक वापरली जाणारी प्रणाली ‘गिट’ ही आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या विकासासाठी ती तयार केली. गिटचे वैशिष्ट्य असे की, भांडाराची ‘क्लोन’ म्हणजे प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे सामान्यतः आधीचा संपूर्ण इतिहासही येतो. एक संगणक बंद पडला तरी दुसऱ्यावरून भांडार पुन्हा उभे करता येते.

वेब कन्सोलचे कार्य

भांडाराची सामाईक प्रत इंटरनेटवरील सर्व्हरवर ठेवली जाते. गिटहब ही सेवा २००८ मध्ये, तर ॲमेझॉनची कोडकमिट ही सेवा २०१५ मध्ये सुरू झाली. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या ज्या पानावरून या भांडाराचा कारभार चालतो, ते पान म्हणजे वेब कन्सोल. कन्सोलवरून पुढील कामे करता येतात :

१. नवे भांडार तयार करणे व त्याला नाव देणे. कोडकमिटमध्ये भांडार ज्या प्रदेशात तयार केले, त्याच प्रदेशाच्या यादीत दिसते. मुंबई प्रदेशात तयार केलेले भांडार दुसरा प्रदेश निवडल्यावर दिसत नाही. ते नाहीसे झाले, असा समज करून घेऊ नये.

२. कोणाला फक्त वाचता येईल, कोणाला बदल करता येईल आणि कोणाला पुसता येईल, हे ठरवणे.

३. मुख्य शाखेला धक्का न लावता वेगळ्या शाखेवर काम करणे. काम पूर्ण झाल्यावर विद्यार्थी ते मुख्य शाखेत घेण्याची विनंती करतो, तिला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात. शिक्षक बदललेल्या ओळी वाचून शेरा लिहितो व मंजुरी देतो. वह्या तपासण्याच्या कामाशी याचे जवळचे साम्य आहे.

४. इतिहास पाहणे व दोन टप्प्यांतील फरक तपासणे.

खर्चाच्या दृष्टीने पाहता, गिटहबने २०१९ पासून खासगी भांडारे विनामूल्य दिली आणि २०२० मध्ये त्यांतील सहकाऱ्यांच्या संख्येवरील मर्यादाही काढली. त्यामुळे लहान महाविद्यालयांनाही ही सोय परवडण्याजोगी झाली आहे.

वर्गात दाखवण्यासाठी मराठीशी संबंधित एक चांगले उदाहरण उपलब्ध आहे. आयआयटी मुंबई येथे तयार झालेल्या ‘शोभिका’ या देवनागरी फॉन्टचे भांडार गिटहबवर सर्वांना पाहता येते. राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’ या मुक्त फॉन्टच्या आधारे त्यातील देवनागरी भाग तयार करण्यात आला. एका संस्थेचे काम दुसरी संस्था रीतसर श्रेय देऊन पुढे नेते, हे विद्यार्थ्यांना यातून प्रत्यक्ष दाखवता येते.

कन्सोलची जोखीम

एका पानावरून सर्व कारभार चालतो, ही जशी सोय आहे तशीच जोखीमही आहे. कोड स्पेसेस नावाची कंपनी ग्राहकांच्या सोर्स कोडची भांडारे सांभाळत असे. जून २०१४ मध्ये एका हल्लेखोराने तिच्या ॲमेझॉन क्लाउडच्या कन्सोलमध्ये प्रवेश मिळवला आणि खंडणी मागितली. कंपनीने ताबा परत घेण्याचा प्रयत्न करताच त्याने भांडारे पुसण्यास सुरुवात केली. राखीव प्रतीही त्याच खात्याच्या आवाक्यात असल्याने त्याही मोठ्या प्रमाणात गेल्या. सुमारे बारा तासांत घडलेल्या या प्रकारानंतर कंपनीला आपला व्यवसाय बंद करावा लागला. कोठाराची किल्ली आणि राखीव कोठाराची किल्ली एकाच जुडग्यात ठेवल्याचा हा परिणाम होता.

सेवा स्वतःहूनही बंद होतात. गुगल कोड ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली. कोडकमिटने जुलै २०२४ मध्ये नव्या ग्राहकांना प्रवेश देणे थांबवले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू केला. एकाच सेवेच्या भरवशावर अभ्यासक्रमाची आखणी करणे योग्य नाही, हे यावरून स्पष्ट होते.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

१. मुख्य खाते कोणा एका शिक्षकाच्या वैयक्तिक ईमेलवर नसावे. त्याची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला, तर भांडाराची किल्लीही त्याच्याबरोबर जाते. खाते विभागाच्या नावाने असावे, दोन जबाबदार व्यक्तींना त्याचे अधिकार असावेत आणि पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी चालू ठेवावी.

२. विद्यार्थ्यांना भांडार पुसण्याचा अधिकार देऊ नये.

३. दर महिन्याला सर्व भांडारांची पूर्ण प्रत महाविद्यालयातील स्वतंत्र हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क एरवी संगणकापासून वेगळी ठेवावी. सत्रातून एकदा त्या प्रतीवरून भांडार उघडूनही पाहावे.

४. पासवर्ड सोर्स कोडमध्ये लिहू नये. ती फाइल नंतर काढली तरी इतिहासात पासवर्ड शिल्लक राहतो. असे घडल्यास प्रथम पासवर्डच बदलावा.

५. कमिटवरील नावाला अंतिम पुरावा मानू नये. हे नाव व तारीख विद्यार्थी आपल्या संगणकावर स्वतः ठरवू शकतो. शिवाय चौघांनी मिळून केलेले काम एकाच्या संगणकावरून नोंदले गेले, तर इतर तिघांचे श्रम कागदावर दिसतच नाहीत. ज्याच्या घरी संगणक नाही, त्या विद्यार्थ्यावर यामुळे अन्याय होण्याचा संभव अधिक. म्हणून गुण देताना इतिहासाबरोबर तोंडी प्रश्नही विचारावेत आणि प्रयोगशाळेत प्रत्येकाला स्वतःच्या नावाने नोंद करण्यास वेळ द्यावा.

समारोप

वेब कन्सोलमुळे भांडाराचा कारभार सोपा होतो, परंतु भांडाराची सुरक्षितता कन्सोलमुळे आपोआप येत नाही. किल्ली कोणाकडे आहे, दुसरी प्रत कोठे आहे आणि नोंदीवरील नावामागे खरोखर कोणाचे श्रम आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे सत्राच्या पहिल्या आठवड्यातच निश्चित करावीत. तसे झाले तर विद्यार्थ्यांचे काम टिकेल आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.