उडून जाणारी तेले : त्यांचा उगम, उपयोग आणि आपला समज

दरवर्षी स्मरणिकेचे काम सुरू झाले की कार्यकर्ते आमच्याकडे लेख मागायला येतात आणि आम्ही दरवर्षी बँकेतील कामाचे निमित्त सांगून सुटका करून घेतो. यंदा तसे केले नाही. विषय मात्र आमच्या शिक्षणातला नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. रसायनशास्त्राशी आमची ओळख शाळेपुरतीच. परंतु २०२१ साली या विषयातील अज्ञान आमच्या घराला फार महाग पडले. तेव्हापासून जे वाचले, जाणकारांना विचारून घेतले, ते सभासद बंधू-भगिनींपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

निलगिरीचे तेल, लवंगेचे तेल, पुदिन्याचा अर्क, चंदनाचे तेल ही सगळी एकाच जातीची तेले. बाटलीवर ‘इसेन्शियल ऑइल’ असे छापलेले असते. त्यातील ‘इसेन्शियल’चा अर्थ ‘अत्यावश्यक’ असा पुष्कळजण घेतात, आम्हीही घेत होतो. तो शब्द ‘इसेन्स’वरून आला आहे, म्हणजे अर्क, सत्त्व. ही तेले करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलासारखी नसतात. घरच्या घरी प्रयोग करून पाहता येतो. एका कोऱ्या कागदावर करडईच्या तेलाचा एक थेंब टाकावा आणि शेजारी निलगिरीच्या तेलाचा एक. दुसऱ्या दिवशी करडईचा डाग तसाच असतो. निलगिरीचा डाग उडून गेलेला असतो. म्हणूनच यांना बाष्पनशील किंवा उडनशील तेले म्हणतात. शुद्ध म्हणून घेतलेल्या निलगिरीच्या थेंबाने कागदावर तेलकट डाग ठेवला, तर त्यात साधे तेल मिसळले आहे असे खुशाल समजावे. टर्पेंटाइनची भेसळ मात्र या प्रयोगात सापडत नाही, कारण टर्पेंटाइनही उडून जाते.

हे तेल वनस्पतीच्या कोणत्या भागात असेल याचा एक नियम नाही. गुलाबात ते पाकळ्यांत, पुदिना आणि तुळशीत पानांत, लवंगेत न उमललेल्या कळीत, दालचिनीत सालीत, संत्र्यात फळाच्या सालीत, चंदनात खोडाच्या आतील गाभ्यात आणि वाळ्यात मुळांत. पूर्वी उन्हाळ्यात कचेऱ्यांच्या खिडक्यांना वाळ्याचे ताटे बांधून त्यावर पाणी मारीत, तो गारवा आणि तो वास आमच्या पिढीतल्या काहींना आठवत असेल. झाड हे तेल आपल्यासाठी तयार करीत नाही. किडीला दूर ठेवणे, बुरशीला अटकाव करणे, परागासाठी कीटकांना बोलावणे अशी त्याची स्वतःची कामे त्यात असतात. जे द्रव्य किडीला मारक आहे ते माणसाला सर्वस्वी निरुपद्रवी असेल असे धरून चालणे बरोबर नाही, एवढे इथेच लक्षात ठेवावे.

तेल काढतात कसे, ते समजायला आपल्या महाराष्ट्रातीलच एक जुना धंदा पाहू. खानदेशात, सातपुड्याच्या उतारावर रोशा नावाचे गवत येते. काही भागांत त्याला तिखाडी म्हणतात. पान चुरगळले की गुलाबासारखा वास येतो. गवत फुलोऱ्यावर आले की कापून आणीत, मोठ्या देगेत पाण्यासह भरून खाली जाळ लावीत. वाफ नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात जाई आणि तिचे पुन्हा पाणी होई. भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटते तसाच हा प्रकार. त्या पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगे, तो अलगद काढून घेत. शंभर किलो गवतातून एक किलोसुद्धा तेल निघत नाही, यावरून मेहनतीची कल्पना यावी. गुलाबाचे तर विचारूच नये; एक किलो तेलासाठी तीन-चार हजार किलो फुले लागतात.

गुलाब इतका महाग आणि रोशाचा वास गुलाबाच्या जवळचा, मग जे व्हायचे तेच झाले. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात जाई आणि तिथून बल्गेरियातील गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. युरोपच्या बाजारात तर त्याचे नावच ‘तुर्की जिरेनियम तेल’ पडले होते. खानदेशच्या जंगलात गवत कापणाऱ्या मजुराचा त्या नावात कुठेच पत्ता नव्हता. दोन्हींत वासाचे एक महत्त्वाचे द्रव्य समान, जिरॅनिऑल. अगरबत्तीची गोष्टही काहीशी अशीच. विहारात वंदनेच्या वेळी लावलेल्या अगरबत्तीला चंदनाचा वास येतो म्हणून तिच्यात चंदन असतेच असे नाही. आणि दुकानात मिळणारा बहुतेक कापूर कापराच्या झाडापासून नव्हे, तर टर्पेंटाइनवर कारखान्यात प्रक्रिया करून तयार होतो.

(जाता जाता : गेल्या काही वर्षांत आपल्याकडे खऱ्या जिरेनियमच्या लागवडीची हवा आहे. आमच्या काउंटरवरही तरुण शेतकरी देग आणि रोपांसाठी कर्जाची चौकशी करतात. आम्ही एवढेच विचारतो की तेल घेणार कोण, हे लेखी आहे का. पुष्कळदा रोपे विकणाराच तेल घेण्याचे तोंडी वचन देऊन गेलेला असतो.)

आता औषधी उपयोगांकडे वळू. येथे खरे आणि खोटे इतके मिसळलेले आहे की कागदावरच्या थेंबासारखी सोपी परीक्षा नाही. लवंगेच्या तेलात सुमारे ८० टक्के युजेनॉल असते. ते दाताची नस बधिर करते. दंतवैद्य आजही झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल कालवून दातात तात्पुरते सिमेंट भरतात. आपल्या आजीने दुखऱ्या दाढेत लवंग धरायला सांगितली ती उगीच नव्हे. दाढ किडलेली असेल तर ती मात्र तशीच राहते, दुखणे तेवढे थांबते. ओव्यातील थायमॉल जंतुनाशक आहे; चूळ भरण्याच्या काही औषधांत ते असते. पहिल्या महायुद्धापूर्वी आपला ओवा जहाजाने जर्मनीला जाई आणि तेथे त्यातून थायमॉल काढीत. पुदिन्याचे तेल विशिष्ट आवरणाच्या कॅप्सूलमधून दिले तर आतड्याच्या पेटक्यांना उतार पडतो, असे रुग्णांवरील चाचण्यांत दिसले आहे. मेंथॉलच्या पुदिन्याचे उत्पादन आज जगात सर्वांत जास्त भारतात, तेही मुख्यतः उत्तर प्रदेशात होते.

निलगिरीचे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. दक्षिणेतील निलगिरी डोंगरावर इंग्रजांनी ते लावले म्हणून आपण त्याला निलगिरी म्हणतो. औषधी तेल मुख्यतः त्या थंड डोंगरावरच्या जातीचे. आपल्या भागात रस्त्याच्या कडेला दिसते ती जात बहुधा वेगळी, तिची पाने उकळून तेवढा गुण येणार नाही. ‘अरोमाथेरपी’ हा शब्द गाटफॉसे नावाच्या एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९३० च्या दशकात रूढ केला. सुगंधाने मन शांत होते, झोप बरी लागते, मळमळ काहींना कमी वाटते, इतपत मानायला हरकत नाही. पण तेलाचा वास घेऊन मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो असे कोणी सांगत असेल, तर त्याच्या पिशवीत विकायच्या बाटल्या आहेत का, ते आधी पाहावे.

घरोघरी असलेली अमृतधारा आम्हाला मुद्दाम सांगायची आहे, कारण पुढची हकीकत तिच्याशी जोडलेली आहे. कापूर, ओव्याचे फूल आणि पेपरमिंटचे फूल हे तिन्ही घट्ट खडे. समभाग घेऊन एका बाटलीत ठेवले की थोड्या वेळात त्यांचे पाणी होते. पाण्याचा थेंबही घातलेला नसतो! यात जादू नाही. हे पदार्थ एकमेकांत मिसळले की त्यांचा वितळण्याचा अंश खाली येतो आणि आपल्या घरातल्या उष्म्यालाच ते वितळतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग कोणी ठेवीत नाही याचे आम्हाला नवल वाटते.

२०२१ च्या एप्रिल महिन्यात कोरोनाची दुसरी लाट जोरात होती. लातूर, नांदेडला खाट मिळत नव्हती. त्या दिवसांत मोबाईलवर एक संदेश देशभर फिरला. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या तेलाचे थेंब फडक्यात बांधून ती पुरचुंडी हुंगत राहावी, म्हणजे रक्तातील प्राणवायू वाढतो, असे त्यात होते. आम्ही तो संदेश पुढे पाठवला. एवढेच नव्हे, तर स्वतः पुरचुंड्या बांधून नात्यात वाटल्या. एक आमच्या थोरल्या मामांना दिली. ताप येऊन तीन दिवस झाले होते. पुरचुंडी नाकाला लावून ते म्हणायचे, “लई मोकळं वाटायलंय भाच्या, दवाखान्याचं नाव काढू नको.” आम्हालाही बरे वाटले. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी बोटाला लावायचे यंत्र आणले, त्यावर आकडा ८२ आला. तो ९४ च्या खाली गेला की दवाखाना गाठायचा असतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. मामा लातूरहून परत आले नाहीत. लवकर नेले असते तर वाचले असते, असे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. पण मधले तीन दिवस आमच्या पुरचुंडीने खाल्ले, हे आम्ही स्वतःपासून लपवीत नाही.

मामांना मोकळे वाटत होते ते खोटे नव्हते, आणि हेच समजून घेण्यासारखे आहे. आपल्या कातडीत आणि नाकाच्या आतील त्वचेत गारवा ओळखणाऱ्या नसा असतात. मेंथॉल, निलगिरी यांची वाफ त्या नसांना चेतवते. थंड हवा भरपूर आत येत आहे असा निरोप मेंदूला जातो आणि श्वास मोकळा वाटतो. प्रत्यक्ष मोजले तर नाकातून जाणारी हवा होती तेवढीच असते. गारवा ओळखणारी ही रचना २००२ साली मेंथॉलच्याच साहाय्याने सापडली. ती शोधणाऱ्यांतील डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूशियन यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या घरी दुःख होते त्याच वर्षी ऑक्टोबरात ती बातमी आम्ही वाचली. रक्तात प्राणवायू जातो तो फुप्फुसातून. फुप्फुसच सुजले असेल तर नाकाला कितीही गार वाटले तरी आकडा हलत नाही.

शेवटी घरातील लेकरांसाठी काही सांगणे आवश्यक आहे. ही तेले थेंबाने मोजायची आहेत, चमच्याने नव्हे. खोकल्याचे औषध समजून निलगिरीचे तेल चमचाभर पाजले तर लहान लेकरू बेशुद्ध पडू शकते. कापराची वडी मुलांना खडीसाखरेसारखी दिसते आणि एखादा ग्रॅम कापूरही लहान लेकराला झटके आणून जिवावर बेतू शकतो. अंगदुखीच्या बामात जे विंटरग्रीन असते, त्याचे शुद्ध तेल चहाच्या एका चमच्यात ॲस्पिरिनच्या सुमारे २० गोळ्यांइतके काम करते. दोन वर्षांच्या आतील बाळाच्या नाकाला किंवा छातीला कापूर-मेंथॉलचे मलम लावू नये. त्याने श्वास अडकू शकतो. पोटात गेलेच तर उलटी करवीत बसू नये, बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठावा. कातडीला लावायचे असेल तर खोबरेल तेलात दोन-चार थेंब मिसळून लावावे. गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांच्या वाटेला जाऊ नये.

आमच्या घरी निलगिरीची बाटली आजही आहे. सर्दीत गरम पाण्यात दोन थेंब टाकून वाफ घेतो, बरे वाटते. बाटली फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात असते आणि त्याच डब्यात बोटाला लावायचे यंत्र ठेवले आहे. ज्या विद्यार्थ्यांना कागदाचा किंवा अमृतधारेचा प्रयोग करून पाहायचा असेल, त्यांनी रविवारी सकाळी घरी यावे. कागद त्यांनी आणावा, तेल आमचे.